हाडं दिसू द्या

मेंढ्याला सीटी स्कॅनच्या यंत्रात झोपवायचं, कोंबडीची छाती एक्स-रेखाली धरायची, डुकराच्या सांध्यातली कूर्चा पडद्यावर मोठी करून पाहायची आणि त्यावरून कुठला नर पैदाशीला ठेवायचा ते ठरवायचं, या कामाला विरोध करणारे आता दोन्हीकडून भेटतात. प्राणिमित्र म्हणतात, हा मुक्या जीवांचा छळ आहे आणि तोही मांसाच्या हावेपोटी. पशुपालक आणि बरेच जुने पशुवैद्यक म्हणतात, ज्याचा हात जनावरावर बसला आहे त्याला फोटो लागत नाही. आणि शेवटी दोघेही म्हणतात, हे श्रीमंत देशांचं काम, आपल्याला काय करायचंय. छळ, हाव, हाताचा अनुभव आणि खर्च. हे चारही आक्षेप मला चुकीचे वाटतात आणि पहिले दोन तर घातक वाटतात. कारण ज्या प्राण्याच्या कळवळ्यापोटी ते घेतले जातात, त्याच प्राण्याचं दुखणं त्यामुळे झाकलेलं राहतं.

छळाचं आधी बोलू. एक्स-रे हाताशी नव्हता तेव्हा जनावराची वाढ अभ्यासली जायची कशी? सुरीने. केंब्रिजच्या जॉन हॅमंड यांचा मेंढीच्या वाढीवरचा मोठा ग्रंथ १९३२ साली आला आणि पशुविज्ञानाच्या पुढच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. नवजात कोकराचं डोकं मोठं आणि पाय लांब का असतात, कंबर सगळ्यात शेवटी का भरते, आधी हाड, मग स्नायू, मग चरबी असा क्रम का लागतो, हे त्यातून कळलं. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या न्यूझीलंडच्या मॅकमीकन यांनी १९४० च्या सुमाराला डुकरांवर तसंच काम केलं. जन्मापासून २८ आठवड्यांपर्यंत ठरावीक वयाला पिल्लं मारायची, प्रत्येक हाड आणि स्नायू सुटा करायचा आणि तोलायचा. हे काम मोलाचं आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्याची एक मर्यादा होती आणि ती कितीही काटेकोरपणे काम केलं तरी ओलांडता येत नव्हती. आठव्या आठवड्याला कापलेलं पिल्लू सोळाव्या आठवड्याला कसं असतं, हे कुणालाच कधी कळणार नव्हतं. वाढीची रेघ काढली जायची ती वेगवेगळ्या मेलेल्या जनावरांचे आकडे एकमेकांना जोडून. एका जिवाची वाढ त्यात नव्हती.

पैदाशीत ही अडचण आणखी टोचते. ज्या मेंढ्याचं मांस, चरबी आणि हाड मोजायचं, तो मोजताना मरतो. मग त्याच्यापासून कोकरं कुठून मिळणार? म्हणून त्याचे भाऊ-बहीण कापायचे आणि त्याच्याबद्दल अंदाज बांधायचा, ही रीत होती. ही रीत बदलली सीटी स्कॅनमुळे. तो शोधणाऱ्या हाउन्सफील्ड यांच्या यंत्रात माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला १९७१ साली. त्यानंतर दहा वर्षांत, १९८१ मध्ये, नॉर्वेच्या शेर्वोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत डुकराच्या शरीररचनेचा अंदाज सीटीवरून काढून दाखवला. पुढे हंगेरीत कापोश्वार, स्कॉटलंडमध्ये एडिंबरो, न्यूझीलंडमध्ये इन्व्हरमे अशा ठिकाणी हे काम रुजलं. छळाचा हिशेब मांडायचा असेल तर तो पूर्ण मांडा. एका बाजूला भुलीचं इंजेक्शन, आधीचा उपास, गाडीतून नेण्याचा ताण आणि भुलीचा थोडा धोका आहे. यातलं काहीही खोटं नाही आणि ते कमी करायलाच हवं. ब्रिटनमध्ये ट्रकवर बसवलेला स्कॅनर शेतापर्यंत नेतात. तेवढा प्रवास जनावराचा वाचतो. दुसऱ्या बाजूला कत्तल आहे, आणि तीही दर वयाला, दर पिढीला.

नॉर्वेत हामारजवळच्या डेल्टा केंद्रावर २००८ पासून पैदाशीच्या वराहांचे सीटी स्कॅन होतात. साधारण १२० किलोचा नर भूल देऊन पोटावर पालथा ठेवतात, चारही पाय सरळ रेषेत राहतील असा बांधतात आणि यंत्राच्या कड्यातून सरकवतात. काही मिनिटांत काम होतं आणि डुक्कर उठून आपल्या खुराड्यात जातं. संगणकावर उरतात त्याच्या शरीराचे शेकडो पातळ काप. त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभराच्या आसपास, स्नायू पन्नासच्या आसपास आणि हाड त्याच्या खूप वर. याच चित्रात कोपराच्या आणि गुडघ्याच्या सांध्यात एक बारीक खड्डा दिसू शकतो. वाढत्या कूर्चेला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडल्या की तेवढ्या भागाचं हाड बनत नाही. या विकाराला ऑस्टिओकॉन्ड्रोसिस म्हणतात. डुक्कर तेव्हा लंगडत नसतं. चालीवरून, सांध्यावर हात ठेवून, कशावरूनही ते कळत नाही. कळतं तेव्हा त्या नराची पिल्लं शेकड्यांनी जन्माला आलेली असतात आणि त्यांतल्या माद्या वेताच्या ऐन काळात पाय धरून बसतात. नॉर्वेत हा खड्डा मोजून गुण दिले जातात, तो दोष आनुवंशिक असल्याचं तिथल्या नोंदींतून दिसलं आहे आणि नर निवडताना ते गुण धरले जातात. याला छळ म्हणायचं, तर मग दर पिढीत नव्याने लंगडी होणारी डुकरीण कुणाच्या खाती टाकायची?

आता हाताच्या अनुभवाकडे येतो. तो मला कमी लेखायचा नाही. कळपातल्या मेंढीच्या पाठीवरून हात फिरवून ती किती भरली आहे हे सांगणारा धनगर आणि बैलाचं तोंड उघडून दातांवरून तो आदत, दुसा, चौसा की जुळलेला हे क्षणात सांगणारा बाजारातला व्यापारी, दोघेही वाढीचं शास्त्रच वाचत असतात. प्रश्न एवढाच आहे की हात कुठवर पोचतो. त्यासाठी अंडी देणाऱ्या कोंबडीचं उदाहरण घ्यावं लागेल, आणि ते सविस्तर घ्यावं लागेल, कारण या सगळ्या वादाचं उत्तर माझ्या मते तिच्या छातीत आहे.

कोंबडीच्या छातीच्या मधोमध नावेच्या तळासारखं एक उभं हाड असतं. पोल्ट्रीतले लोक त्याला कील म्हणतात. उडण्याचे स्नायू त्यालाच धरलेले असतात. हे हाड पुढून मागे हळूहळू पक्कं होत जातं आणि त्याचं मागचं टोक पस्तीस-चाळीस आठवड्यांपर्यंत कूर्चेचंच असू शकतं. आजची लेअर कोंबडी पहिलं अंडं देते अठराव्या ते विसाव्या आठवड्याला. म्हणजे सांगाडा पुरा व्हायच्या आधीच अंड्यांचा कारखाना सुरू होतो. एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि कोंबडीच्या अख्ख्या सांगाड्यात ते असतं वीस ग्रॅमच्या आसपास. कवचाचं बरंच काम रात्री चालतं, तेव्हा कोंबडी खात नसते. त्या वेळचं बरंच कॅल्शियम येतं हाडांच्या पोकळीत साठवलेल्या खास मऊ हाडातून. अंडी सुरू झाली की शरीर हे साठ्याचं हाड बनवत राहतं, आणि भार पेलणारं हाड बनवणं जवळपास थांबतं. झिजेल ते झिजेल.

याचा परिणाम काय होतो? डेन्मार्कच्या संशोधकांनी ४० कळपांतल्या कोंबड्या अंडी संपण्याच्या वयात तपासून २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. पिंजऱ्यातल्या, मोकळ्या, सेंद्रिय, सगळ्या प्रकारच्या कळपांत निम्म्या किंवा त्याहून जास्त कोंबड्यांचं कील मोडलेलं होतं आणि काही कळपांत जवळपास सगळ्यांचंच. मोडलेली जागा बहुतेकदा मागच्या टोकाची होती. ज्या कोंबड्या लवकर अंड्यावर आल्या किंवा अंड्यावर येताना वजनाने हलक्या होत्या, त्यांच्यात प्रमाण अधिक होतं. पिंजरा काढला की सगळं ठीक होईल, असं मानणाऱ्यांनी हा अभ्यास शांतपणे वाचावा.

आणि हात? बोटाने चाचपून कील तपासण्याची पद्धत जगभर वापरली जाते. बोटाला लागते ती जुनी, जुळलेली मोड. तिच्यावर हाडाची गाठ आलेली असते. ताजी मोड आणि टोकाची बारीक चीर बोटातून निसटते. स्वित्झर्लंडच्या बर्नमधल्या संशोधकांनी त्याच कोंबड्यांचे पुन्हा पुन्हा एक्स-रे काढले, २०१८ मध्ये ते चित्र पाहून गुण देण्याची भरवशाची पद्धत मांडली आणि मोड कुठल्या वयात येते, कशी वाढते, कशी जुळते हे एकेका जिवंत पक्ष्यामध्ये दिसलं. हे सगळं चालू असताना ती कोंबडी अंडी देत असते. ‘अंडी देतेय म्हणजे बरी आहे’ हे आपल्या शेडमधलं नेहमीचं वाक्य इथेच खोटं पडतं. ब्रिस्टल विद्यापीठात मोडक्या कीलच्या कोंबड्यांना वेदनाशामक देऊन पाहिलं, तर दांडीवरून उतरायला त्यांना पूर्वीपेक्षा कमी वेळ लागला आणि जिथे ते औषध मिळालं होतं ती जागा त्या पसंत करू लागल्या. त्यांना दुखत होतं.

याला पैदाशीने उत्तर देता येतं, हे एडिंबरोजवळच्या रॉस्लिन संस्थेने २००० सालीच दाखवून दिलं होतं. हाडाच्या मजबुतीतला मोठा वाटा आनुवंशिक आहे, मजबूत हाडाच्या कोंबड्या निवडत गेलं की पुढच्या पिढ्यांची हाडं कमी मोडतात, आणि अंड्यांचं उत्पादन त्यासाठी फारसं सोडावं लागत नाही. पण हाडाची ताकद मोजायची तर कोंबडी मारावी लागत होती, म्हणून पैदास कंपन्यांच्या रोजच्या कामात ते उतरलं नाही. २०२३ मध्ये रॉस्लिनच्याच इयान डन यांच्या गटाने जिवंत कोंबडीचा पाय साध्या डिजिटल एक्स-रेवर धरून हाडाची घनता मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. शेजारी अॅल्युमिनियमची पायऱ्यापायऱ्यांची पट्टी ठेवायची, म्हणजे चित्रातला करडा रंग आकड्यात बदलता येतो. एका पक्ष्याला एक मिनिटही लागत नाही. दोन दशकांहून जास्त काळ जे उत्तर माहीत असूनही वापरता येत नव्हतं, ते एका फोटोने वापरण्याजोगं केलं. प्राणिमित्रांनी या फोटोच्या बाजूने मोर्चा काढायला हवा.

हावेचा आक्षेप मात्र मी हलकेपणाने उडवून लावणार नाही, कारण त्यात सत्याचा अंश आहे. नॉर्वेचा स्कॅनर फक्त सांधे पाहायला विकत घेतलेला नाही. तो मांस आणि चरबी मोजायलाही घेतला. ब्रिटनमध्ये टेक्सेलसारख्या जातींचे निवडक मेंढे स्कॅनला जातात ते मांसाचं प्रमाण पाहायला. पण जनावराचं शरीर मोडेपर्यंत वाढवण्याचं काम कुठल्या उपकरणाने केलं, याचं उत्तर नोंदींत आहे. ते वजनकाट्याने केलं. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ सालचा, जपून ठेवलेला जुना ब्रॉयलर आणि २००५ चा ब्रॉयलर एकाच खाद्यावर शेजारीशेजारी वाढवले. ५६ दिवसांना जुना ९०५ ग्रॅमचा झाला आणि नवा ४२०२ ग्रॅमचा. ही वाढ झाली ती वजन, खाद्याचा हिशेब आणि छातीचं मांस पाहून. पायाचं हाड त्या बहुतेक काळात कुणी पाहतच नव्हतं.

ते पाहायला सुरुवात झाली लिक्सीस्कोपमुळे. हातात मावेल असं, अगदी कमी किरणांवर चालणारं हे एक्स-रे उपकरण नासाच्या गोडार्ड केंद्रात १९७० च्या दशकात तयार झालं आणि पुढच्या दशकाच्या अखेरीस पैदास कंपन्यांच्या शेडमध्ये पोचलं. जिवंत पक्ष्याचा पाय त्यात धरला की गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टोकाला, हाड न झालेल्या कूर्चेचा गडद डाग आहे की नाही ते क्षणात दिसतं. डाग असलेला पक्षी पैदाशीतून बाद. या आणि पायाच्या इतर दोषांच्या २५ वर्षांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१२ मध्ये आला. वजन वाढत असतानाच हे दोष कमी होत गेल्याचं त्यात दिसतं. हा अभ्यास पैदास कंपनीच्या स्वतःच्या नोंदींवरचा आहे, हे वाचताना लक्षात ठेवायला हवं. आणि दुसरी बाजूही सांगायला हवी. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या ५१ हजार ब्रॉयलरची चाल तपासली, तेव्हा सरासरी ४० दिवसांच्या वयात २७.६ टक्के पक्ष्यांची चाल खराब होती आणि ३.३ टक्के जवळपास चालूच शकत नव्हते. म्हणजे एक दोष पाहिला गेला आणि घटला, बाकीचं शरीर तसंच ताणलेलं राहिलं.

यातून मी काढतो तो निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्यांच्या उलट आहे. ‘आमच्याकडे स्कॅनर आहे’ असं सांगून कंपन्यांना सुटू देता कामा नये, हे बरोबर. पण त्यासाठी स्कॅनर बंद पाडणं म्हणजे पुन्हा वजनकाट्याच्या हाती सगळं सोपवणं. हाडाचा फोटो नसताना पैदासकार ‘आम्हाला कळायला मार्ग नव्हता’ असं म्हणू शकत होता. फोटो असताना त्याला ते म्हणता येत नाही. निवडीच्या सूत्रात मांसाला किती गुण आणि हाडाला किती, हा माणसांनी घेतलेला निर्णय आहे. भांडायचं तर त्या निर्णयाशी भांडा.

किरणांच्या भीतीबद्दल फार बोलण्याची गरज नाही. क्ष-किरण शरीराला अपाय करू शकतात, हे खरं. पण पैदाशीचं जनावर आयुष्यात मोजक्या वेळा यंत्राखाली येतं. जपायचं आहे ते रोज शेकडो पक्षी हातात धरणाऱ्या कामगाराला. शिशाचं अॅप्रन, अंतर, डोस मोजणारा बिल्ला आणि अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, हे आपल्याकडे माणसांच्या दवाखान्यात बंधनकारक आहे आणि शेडमध्ये त्यात सूट मिळता कामा नये.

उरला खर्च. सीटी यंत्र महाग आहे, ते प्रत्येक तालुक्याला लागत नाही आणि कुणी मागितलेलंही नाही. ब्रिटनमध्येसुद्धा आधी सोनोग्राफीने चाळणी लावतात आणि वरचे थोडे मेंढे तेवढे स्कॅनला पाठवतात. आपल्याकडे नोंदी ठेवून पैदास करण्याची परंपराच नाही असंही नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतलं जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘सुवर्णा’ मेंढी उभी केली, ती वर्षानुवर्षांच्या काटेकोर नोंदींच्या आणि रक्तचाचणीच्या जोरावर. जिथे असं काम होऊ शकतं तिथे एक्स-रेची एक प्लेट जड नाही. एक्स-रे यंत्रं परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी आहेतच, पण तिथे ती मोडलेला पाय पाहायला वापरली जातात. न मोडलेला, वाढता पाय पाहायला क्वचित.

एक जागा तर आपल्या अगदी दारातली आहे. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला आणि आता पश्चिम महाराष्ट्रात आदत, म्हणजे दुधाचे दात असलेल्या, खोंडांच्या वेगळ्या शर्यती भरतात. खोंडाच्या पुढच्या पायात, गुडघ्याच्या जरा वर, वाढीची एक पट्टी असते. हाड वाढतंय तोवर एक्स-रेत ती काळ्या रेघेसारखी दिसते आणि वाढ संपली की मिटते. गोवंशात ती मिटते साडेतीन ते चार वर्षांच्या सुमाराला. आदत खोंडाची ती सताड उघडी असते. जुनी माणसं आदताच्या मानेवर जू ठेवू नका म्हणत, त्यांचं म्हणणं या काळ्या रेघेत छापलेलं दिसतं. शर्यतीच्या परवानगीला पशुवैद्यकाचा दाखला लागतोच, त्यात या एका प्लेटची भर घालायला काय हरकत आहे?

कोंबडीपालकाने तर हा विषय स्वतःचा मानायला हवा. आपल्या शेडमधल्या ब्रॉयलरच्या मूळ पिढ्या बहुतांशी परदेशी कंपन्यांच्या पैदाशीतून येतात. त्याच्या पायाचं हाड कसं असेल हे तिकडे ठरतं. पाय धरलेला पक्षी खाद्यापर्यंत पोचत नाही, मर वाढते, एफसीआर (किलोभर वजनामागे लागणारं खाद्य) बिघडतो आणि हिशेबात ते करार शेतीतल्या शेतकऱ्याच्या नावावर पडतं. लेअरवाला शिंपल्याचा चुरा वाढवतो, केज लेअर फटीग, म्हणजे हाडं कमकुवत होऊन कोंबडी बसणं, म्हणून औषध घालतो, आणि मुळात नाजूक हाडाची कोंबडी आपल्याला विकली गेली का हे विचारतच नाही.

तेव्हा पुढची बॅच घेताना पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीला लेखी विचारा: या जातीच्या मूळ पिढ्यांचे कीलचे आणि पायाचे एक्स-रे काढता का, त्यात किती टक्के पक्षी सदोष निघतात, आणि निवडीत हाडाला किती गुण देता? प्राणिमित्र संघटनांनीही हेच तीन प्रश्न विचारावेत आणि पशुसंवर्धन विभागाने त्यांची उत्तरं जाहीर करणं पैदासकारांना बंधनकारक करावं.